मुरब्याचं सेन्सॉर बोर्ड

एका मिनिटाचा व्हिडिओ करायला गेलं की मागे वीस मिनिटांचा किस्सा उरतो. माझ्या दोन हार्ड डिस्क भरल्या, तिसरी घ्यायची वेळ आली, पण किस्से मात्र त्यातल्या एकीतही सापडणार नाहीत. कारण कॅमेरा समोर बघत असतो आणि किस्सा बरोब्बर त्याच्या पाठीमागे घडतो! परवा रुपेश म्हणाला, "तनू, आपण वर्षभर कॅमेरा बंद ठेवून नुसत्या गप्पा मारल्या असत्या ना, तर जास्त स्टॉक जमला असता."

तर मी तनुजा. घर बोईसरजवळच्या सरावलीत, शिक्षण मुंबईच्या आर्ट कॉलेजात. कॉलेज संपल्यावर सगळ्यांनी विचारलं, आता काय? मी म्हटलं, रोज एक मिनिट. वर्षभर, दररोज, एक मिनिटाचा व्हिडिओ. कॅमेरा स्टँडवर. हलवायचा नाही, झूम नाही, गाणं नाही.

कारण आमच्या भागाचे व्हिडिओ दोनच प्रकारचे असतात. एकात ड्रोन समुद्रावरून उडतो आणि बासरी वाजते. दुसऱ्यात चिमणीतून धूर निघतो आणि भीतीदायक म्युझिक वाजतं. या दोन्हींच्या मधे जी माणसं राहतात, ती कुठे आहेत? मला याचा भयंकर राग यायचा. अजून येतो.

या वेडात दोघं सामील झाली. रुपेश पालघरचा, लग्नांत आणि सभांना साउंड लावतो. आवाज आणि लॅपटॉप त्याच्याकडे. हर्षला मुरब्याची, म्हणजे जवळच्या मच्छीमार गावातली, शाळेपासूनची मैत्रीण. माणसं सांभाळणं हे तिचं खातं, कारण मला ते जमत नाही. मी घाईची.

* * *

मुरब्याला पहिल्यांदा शूटिंगला गेलो तेव्हा मी पूर्ण तयारीत होते. गळ्यात कॅमेरा, डोक्यात भाषण. तुमचे श्रम, तुमचं कौशल्य, तुमची गोष्ट जगासमोर आली पाहिजे, वगैरे.

हर्षलाची जानकीआत्या दोरीवर बोंबील टांगत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. माझं भाषण संपेपर्यंत आत्याची एक अख्खी दोरी भरली.

"जालं?" तिने विचारलं.

"हो."

"आता माजं आयक. काय शूटिंग करायची ती कर. पण गावाबायेर न्यायच्या आदी आमाला दाकवायचं. आमी सगळ्या बसून बगू. आमच्यातली एक जरी 'नको' बोलली, तर पुसायचं. अर्दं नाय, सगळं."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "अर्थातच! तुमचा हक्कच आहे तो!"

परत येताना रिक्षात हर्षलाने शांतपणे विचारलं, "तुला कळलं का तू काय कबूल केलंस?"

"काय?"

"सतरा बायका आहेत. एक. जरी. नको."

ही अट उगीच नव्हती. मागे कोणीतरी मुरब्यात येऊन एक रील करून गेलं होतं. त्यात या सतरांतल्याच सुनंदावैनी डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या, आणि एक पोरगा नाक धरून, तोंडं वेडीवाकडी करत त्यांच्या मागून चालतोय. वर विनोदी म्युझिक. ते रील पालघरभर फिरलं. बाजारात गिऱ्हाइकं वैनींना बघून हसायला लागली. वैनी कितीतरी दिवस बाजारात बसल्या नाहीत. तेव्हापासून कुठेही कॅमेरा दिसला की त्या पाठ फिरवायच्या. माझ्याकडे वर्षभरात सगळ्यांचे चेहरे जमले, वैनींची बहुतेक पाठच.

आणि गंमत अशी, की वर्षभराच्या त्या सगळ्या मिनिटांमधली चांगली मिनिटं निघाली मुरब्याचीच. त्यांचीच जोडून मी अडतीस मिनिटांची फिल्म केली. बोट किनाऱ्याला लागते तिथपासून वाळलेले बोंबील गोणीत भरले जातात तिथपर्यंत. पालघरच्या एका वाचनालयाने हॉल दिला. पोस्टरं लागली. आणि मुरब्याच्या बायकांनी फिल्म अजून बघितलेलीच नव्हती! माझं अख्खं वर्ष एका 'नको'वर टांगलेलं. अगदी बोंबलासारखं.

पण ते पुढचं. आधीचे किस्से आधी.

* * *

सुरुवातीला मी बोईसरला, एका कंपनीच्या गेटसमोर शिफ्ट सुटतानाचा शॉट घ्यायला गेले. मला फक्त सायकलींची चाकं हवी होती. शेकडो चाकं, एक मिनिट. स्टँड लावला, कॅमेरा जमिनीजवळ आणला.

गेटवरचा वॉचमन आला. "मैडम, क्या निकाल रहे हो?"

"साइकिल।"

"साइकिल चोरी हुआ क्या?"

"नहीं, नहीं। मैं आर्टिस्ट हूँ।"

त्याने मान हलवली आणि आत गेला. दोनच मिनिटांत एक कामगार माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला. "हमारे चाल में नाली भरा हुआ है। बच्चा लोग बीमार पड़ता है।" मी म्हटलं, भैया, थोडा बाजूला, चाकं दिसत नाहीत. तो बाजूला झाला. त्याच्या मागे दुसरा. दुसऱ्याच्या मागे रांग! नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही, कुत्री चावतात. प्रत्येक जण नाव-गाव सांगून सुरू.

चाकांचा शॉट गेला. पण एवढं बोललेत तर काय करणार, मी तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला.

आठवड्याने तिथून जात होते तर वॉचमनने लांबूनच हात केला. "मैडम! नाली साफ हो गया!"

माझ्या कलेने पहिल्यांदाच काहीतरी बदललं होतं!

तो म्हणाला, "अब वो आर्ट-वार्ट छोड़ो। आज पानी का शूटिंग करो।"

* * *

माझा स्टँडही एकदा कामाला लागला, आणि तो माझ्या नव्हे, आत्याच्या.

झालं असं, की दिवसाच्या एका मिनिटासाठी मी तास-तासभर कॅमेरा चालू ठेवते आणि मग त्यातलं मिनिट निवडते. त्या दिवशी मुरब्यात कॅमेरा लावला आणि मी आणि हर्षला चहाला गेलो. परत येऊन बघते तर स्टँडच्या गळ्यात दोरी बांधलेली, दोरीचं दुसरं टोक बांबूला, आणि त्यावर बोंबीलच बोंबील! कॅमेऱ्याच्या काचेपुढे चार बोटांवर एका बोंबलाचं ओलं पोट.

"आत्या, हे काय!"

"जागा कमी पडली. ही काटी मोकळीच होती."

"अगं, कॅमेरा आहे त्यावर!"

"मंग? त्याला काय वजन झेपत नाय?"

मी दोरी सोडायला गेले. आत्या ओरडली, "हात नको लावू! मावरं पडेल! वाळल्याबिगर हलवायचा नाय!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो कॅमेरा तसाच उभा. रुपेश पोट धरून हसत होता. "कॅमेरा हलवायचा नाही, हा तुझाच नियम ना? घे. आता बोंबीलच तो सांभाळतायत."

परतीच्या शेअर रिक्षात मी तो स्टँड मांडीवर घेऊन बसले. पुढच्या नाक्यावर चार जण थांबलेले. त्यांनी आत डोकावलं, वास घेतला आणि म्हणाले, "राहू दे, मागून येतो." रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की बोईसर येईपर्यंत मी मान वर केली नाही.

* * *

आता पप्पा. पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंट्रोल रूममध्ये आहेत. मला वर्षभर त्यांच्याशी बोलताना एकच काळजी, की ते विचारतील, "हे किती दिवस चालणार?" त्यांनी कधी विचारलं नाही. त्यामुळे काळजी आणखीच वाढली.

एका रविवारी हिय्या करून मी त्यांना बोंबील वाळतानाचा, एकही बाई नसलेला म्हणून आत्याच्या अटीबाहेरचा, तासाभराचा शॉट लावून दिला. या शॉटपुढे कोणीही टिकलेलं नाही. रुपेश तिसऱ्या मिनिटाला उठतो. आमचे कॉलेजचे सर, ज्यांनी मला 'संथपणाचं सौंदर्य' शिकवलं, ते सातव्या मिनिटाला "छान, छान" म्हणून फोनवर गेले होते.

पप्पा खुर्ची ओढून बसले. हाताची घडी घातली. आणि पूर्ण एक तास हलले नाहीत. मी स्वयंपाकघरातून तीनदा डोकावले. डोळासुद्धा इकडे-तिकडे नाही.

संपल्यावर मी घाबरतच विचारलं, "बोअर झालं का?"

"बोअर कशाला? आठ तास हेच तर करतो. स्क्रीनवर काही होऊ नये, म्हणून बघत बसायचं." मग ते पुढे झुकले. "चव्वेचाळिसाव्या मिनिटाला डावीकडची तिसरी दोरी दोन इंच खाली आली. गाठ सुटतेय तिची. तू सांगितलंस का तिथे कोणाला?"

"नाही... माझ्या लक्षातच नाही आलं."

"मग तू तिथे उभी राहून काय करत होतीस?"

मी मुकाट्याने हर्षलाला फोन लावला. हर्षलाने तो आत्याकडे दिला. मी म्हटलं, "आत्या, डावीकडची तिसरी दोरी बघ, गाठ सुटतेय."

"ती परवाच पडली. कोणी सांगितलं तुला?"

"पप्पांनी. व्हिडिओत बघून."

मग आत्या म्हणाली, "उद्यापासनं तू नको येव. बापाला पाटव."

* * *

रुपेशला एकदा मुरब्यात शांतता हवी होती. म्हणजे किनाऱ्यावरचा मोकळा आवाज: वारा, पाणी, कावळे. फक्त एक मिनिट. पण सतरा बायका मासळी निवडत असताना शांतता कुठून येणार?

वाऱ्याने माइक घरघरू नये म्हणून त्याने आपल्या भाचीची लोकरीची कानटोपी त्यावर चढवली होती. टोपीला दोन गोंडे. तो माइक उन्हात, वाळूवर, काठीला बांधून उभा केला. पाच मिनिटांनी बघतो तर माइकवर कोणीतरी पदर धरलेला. "उनात बाळ ठेवतात काय रे मेल्या!" एक काकू म्हणाल्या, आणि सगळ्या खिदळल्या. माइक आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्या दिवसापासून त्याचं नाव 'बाळ' पडलं ते पडलंच. आम्ही मुरब्यात पोचलो की पहिला प्रश्न, "बाळाला आणलं?"

तर रुपेश आत्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "आत्या, एक मिनिट शांतता मिळेल का?"

"एक मिनिटच ना? बस तू."

त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्या उभी राहिली आणि गरजली, "एऽऽ, गप बसा गो! पोराला शांतता पायजे!"

बायका गप्प झाल्या. कोणीतरी फिसकन हसलं. आत्या म्हणाली, "कोण हसली ती? गप!" मग पलीकडून एकीने विचारलं, "काय जालं?" आत्या म्हणाली, "शांतता चालू हाय! कळत नाय?" मग एका पोराला, "ए, बॉल नको आपटू! शांतता हाय!" मग कुत्र्याला, "हाड!" मग पुन्हा सगळ्यांना, "अजून संपली नाय! गप!"

घरी येऊन ऐकलं. पूर्ण साठ सेकंद फक्त आत्याचा आवाज. दुसरं काहीही नाही. वारासुद्धा नाही!

रुपेशने कपाळाला हात लावला. मी मात्र तो आवाज तसाच फिल्ममध्ये ठेवला. रिकाम्या किनाऱ्याच्या शॉटवर.

* * *

एक किस्सा बोईसरचा. प्रोजेक्टर कोणीतरी दोन दिवसांसाठी दिला होता आणि मला तो भिंतींवर मारून बघायचा होता. हॉल, तिकीट, पडदा यांच्यात कला कोंडून ठेवायचीच कशाला, अशी माझी मतं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आम्ही स्टेशनजवळच्या गल्लीत गेलो. एकही भिंत मोकळी नाही! सगळीकडे क्लासच्या आणि बवासीरच्या जाहिराती. एकच पांढरी जागा दिसली. उभ्या असलेल्या एका टेम्पोची बाजू.

त्यावर लाटा मारल्या. काय दिसल्या म्हणून सांगू! वीस-पंचवीस माणसं थांबली. वडापाववाला गाडी सोडून आला. आणि तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर आला.

"अरे! मेरे गाड़ी पे क्या लगाया?"

"समंदर है, भैया," रुपेश म्हणाला.

"आरटीओ पकड़ेगा! निकालो!"

मी प्रोजेक्टर बंद केला. "निकल गया।"

त्याने टेम्पोवर हात फिरवला, बोट बघितलं. गर्दी हसायला लागली, तसा तोही हसला. "अच्छा, फिर से लगाओ, ठीक से देखने दो।" मी पुन्हा लावला. तो चांगला पाच मिनिटं लांब उभा राहून, मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी किल्ली काढली, केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून मला विचारलं, "गोरखपुर तक रहेगा ना?"

टेम्पो सुटला. लाटा पलीकडच्या बवासीरच्या जाहिरातीवर पडल्या. लोक पांगले.

* * *

आणि आता मुरब्याचं सेन्सॉर बोर्ड.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, बायकांना दुपारची सवड मिळते. त्यातलीच एक दुपार ठरली. गावातल्या एका छोट्या हॉलच्या खिडक्यांना आम्ही बोटींवरची ताडपत्री बांधली, अंधार केला, भिंतीवर चादर लावली. सतरा बायका आल्या. कोणी तांदूळ निवडायला घेऊन, कोणी विणकाम घेऊन. आत्या सगळ्यांत पुढे. सुनंदावैनी सगळ्यांत मागे, दाराला टेकून, अर्ध्या बाहेर.

आठ दिवसांवर पालघरचा कार्यक्रम. मी सकाळपासून जेवले नव्हते.

"लाव," आत्या म्हणाली. रुपेशने बटण दाबलं.

पहिलाच शॉट आला गोणीचा. मी म्हटलं, हा तर शेवटचा शॉट! तेवढ्यात गोणीतून सुका बोंबील उडाला आणि थेट बायकांच्या हातात गेला. हातातून दोरीवर. मग दुसरा. मग तिसरा.

बायकांची बडबड उलटी कशी ऐकू येते हे बघायला रुपेशने आदल्या आठवड्यात अख्खी फिल्म उलटी फिरवून ठेवली होती. दोन्ही फाइलींची नावं जवळजवळ सारखी. आणि त्या गाढवाने उलटी लावली होती!

"बंद कर!" मी दात आवळून म्हटलं.

हर्षलाने माझा दंड धरला. "थांब. त्यांच्याकडे बघ."

दोरीवरचे सुके बोंबील हळूहळू फुगत होते, ओले होत होते, चकाकायला लागले होते. हॉलमध्ये आरडाओरडा. "भिजले गो, भिजले! काडा कोणीतरी!" तांदळाची ताटं बाजूला पडली. पडद्यावरच्या आत्याने बोंबलांचे जबडे भराभरा सोडवले आणि दोरी रिकामी केली. "जानक्ये, अर्दा दिस घालवून हेच केलंस काय?" एकीने विचारलं. आत्यालाच सगळ्यांत जास्त हसू येत होतं.

मग किनारा. आणि मग वैनी.

हा शॉट मी हजार वेळा बघितला होता. वैनी बोटीवरून पाटी घेऊन येतात, कॅमेरा दिसतो, थबकतात, पाठ फिरवतात आणि निघून जातात. आज आधी त्यांची पाठ आली. पाठमोऱ्या, मागे मागे चालत त्या पडद्याच्या मधोमध आल्या. थांबल्या. आणि वळल्या. अगदी सावकाश, आपण होऊन. डोक्यावर पाटी, समोर बघताहेत. मग तशाच, आमच्याकडे बघत, एक एक पाऊल मागे जात बोटीपर्यंत गेल्या. पाटी बोटीवर चढली. बोट मावऱ्यासकट मागे मागे दर्यात गेली, बारीक झाली, दिसेनाशी झाली.

"गेलं परत," कोणीतरी म्हणालं.

"जाव दे. नायतरी आता बंदीच हाय."

हॉल हसून हसून लोळायला आला होता. मी उभी राहिले आणि हात जोडले. "माफ करा, चुकून उलटी लागली. खरी आता दाखवते."

खरी लागली. वर्षभर घासून-पुसून केलेली, सगळं क्रमाने. बायका शांतपणे बघत होत्या. बोट आली. पाटी उतरली. वैनी चालत आल्या, थबकल्या, पाठ फिरवली.

"नको."

दाराकडून आवाज आला. वैनींचा. रुपेशने फिल्म थांबवली. पडद्यावर वैनींची पाठ.

आत्या माझ्याकडे वळली. "आयकलंस?"

"हो."

"बोललीवतीस तू."

"हो आत्या."

मला वाद घालायचा होता. मी वादाची माणूस आहे, कॉलेजात मी वाद घालून परीक्षेची तारीख बदलायला लावली होती. माझ्या डोक्यात पोस्टरं फिरत होती, हॉल फिरत होता, अख्खं वर्ष फिरत होतं. पण मी लॅपटॉप ओढला आणि सगळ्यांसमोर फिल्म पुसली. मग डिस्कवरची कॉपी पुसली. मशीन दोन्ही वेळा विचारतं, नक्की पुसू का? दोन्ही वेळा 'हो' दाबलं. हर्षला दुसरीकडे बघत होती. रुपेश तर माइकची टोपी पिळत बसला होता.

मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात वैनी म्हणाल्या, "पयली नको पुसू."

"कुठली पहिली?"

"उलटी. ती ठेव."

मी आत्याकडे बघितलं. आत्याने सगळ्यांकडे बघितलं. "कोणाचं 'नको' हाय?"

कोणी बोलेना. मग मधूनच एक काकू म्हणाल्या, "उलट्यात मी बारीक दिसते. ऱ्हाव दे."

मी तिथेच, ताडपत्रीच्या अंधारात, खाली बसले. हर्षलाने माझ्यासमोर कोणाचा तरी डबा उघडून ठेवला आणि मी सकाळपासूनची भूक एकदम भागवली.

पालघरला आम्ही तीच लावली. अडतीस मिनिटं, शेवटापासून सुरुवातीकडे. हॉल भरला होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच. कॉलेजचे सर आले होते. पप्पा शिफ्ट बदलून आले होते. मुरब्याच्या बायका दोन टेम्पोंतून आल्या, केसांत फुलं माळून. सुनंदावैनींनी आत आल्यावर एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, पडद्याच्या शेजारी नेऊन ठेवली आणि लोकांकडे तोंड करून बसल्या.

मी धावत गेले. "वैनी, पडदा तुमच्या मागे आहे."

"म्हायताय."

"मग दिसणार कसं?"

"मी बगितलंय ते. तू जा, लाव."

फिल्म सुरू झाली. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. वैनी हातांची घडी घालून, पडद्याच्या उजेडात, एकेका रांगेवरून नजर फिरवत बसल्या होत्या. अडतीस मिनिटं त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

संपली. टाळ्या पडल्या. वाचनालयाचे एक गृहस्थ आभार मानायला माइकपाशी पोचले. वैनींनी बोटाने मला जवळ बोलावलं. मी वाकले.

"चौथ्या रांगेत निळा शर्टवाला बगितलास? चष्मा लावलेला. मी वळायच्या आदीच झोपला तो. उटव त्याला, आन परत लाव."